जुन्या गाडीत आजचं कोणतं पेट्रोल घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९७०च्या दशकातली ३५० सीसी मोटरसायकल आहे. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणारं इंजिन आणि साधा कार्ब्युरेटर. सहा वर्षं झाकून ठेवली होती, आता चालवायची आहे. एक मेकॅनिक म्हणतो शंभर ऑक्टेनचंच घाला. मित्र, ज्याची स्वतःची गाडी टू-स्ट्रोक आहे, तो म्हणतो शिशाचं ॲडिटिव्ह टाकलं नाही तर व्हॉल्व्ह जळतील. आणि मोबाइलवर रोज कुणीतरी सांगतंय की इथेनॉलने जुनी इंजिनं खलास होतात. "नेमकं कुणाचं ऐकू?"

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच गोंधळ होतो. गेली तीस वर्षं मी जुन्या गाड्या उघडतोय, त्यावरून सांगतो की ऑक्टेन, शिसं आणि इथेनॉल या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. लोक ज्याला सर्वांत जास्त घाबरतात त्याने सर्वांत कमी नुकसान झालेलं मी पाहिलंय. आणि जिकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणजे पेट्रोलची नळी, कॉकचं (टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीचं) वायसर, फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळते ती), तिथे गाडी रस्त्यात उभी राहते. तेव्हा "कोणतं पेट्रोल" हा प्रश्न अर्धाच आहे. मिळेल त्या पेट्रोलसाठी गाडी तयार आहे का, हा उरलेला अर्धा.

बरंच काही परिस्थितीवरही अवलंबून आहे, ते आधीच कबूल करतो. गाडी रोज चालणार की महिन्यातून एकदा? हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) बिडाचं आहे की ॲल्युमिनियमचं? इंजिन कधी उघडलंय का, पिस्टन मूळचाच आहे की कुणी जास्त कॉम्प्रेशनचा (म्हणजे मिश्रण जास्त पट दाबणारा) बसवलाय? टाकीला आतून कधी कोटिंग केलंय का? ही उत्तरं माहीत नसताना जो छातीठोकपणे सांगेल, त्याचं फारसं मनावर घेऊ नका. मी काय बघतो आणि का, ते सांगतो. तुमच्या गाडीला लावून बघा.

आधी ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधी पेट्रोल आपोआप पेट घेत नाही, ही जी सहनशक्ती, तिचा तो आकडा. सहनशक्ती कमी पडली की चढावर, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडल्यावर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. तो आवाज येत नसेल तर ऑक्टेन पुरेसं आहे. त्याहून जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातल्याने अशा इंजिनाला काहीही मिळत नाही, पिकअप नाही आणि ॲव्हरेजही नाही.

जुन्या गाड्या या बाबतीत फार गरीब स्वभावाच्या असतात. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच 'पूल' पेट्रोल मिळायचं, त्याचं ऑक्टेन जेमतेम सत्तरच्या आसपास असे. त्या काळातल्या आणि त्यांच्याच वंशातल्या पुढच्या साध्या सिंगल सिलिंडर इंजिनांचं कॉम्प्रेशन म्हणूनच साडेसहा-सातच्या घरात ठेवलेलं असतं. आज भारतात साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ९१ आहे आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं त्याहून वर. म्हणजे तुमच्या गाडीच्या मानाने आजचं अगदी साधं पेट्रोलसुद्धा श्रीमंत आहे.

ढोबळ अंदाज असा की कॉम्प्रेशन आठच्या खाली असेल तर ऑक्टेनचा विचार सोडून द्या. नऊच्या आसपास असेल तर ९१ बहुधा चालतं, पण कान उघडे ठेवा. साडेनऊ-दहाच्या पुढे, त्यातून हवेने थंड होणारं इंजिन असेल, तर ९५ घ्या. परदेशी मॅन्युअल हाती असेल तर एक काळजी घ्या. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा दोन पद्धतींच्या मोजणीची सरासरी असते, त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीनं ९१-९२च्या आसपास. ८७ वाचून "अरे, फार हलकं पेट्रोल" असं वाटून घेऊ नका.

आणि कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात नॉकिंग आलंच, तर पेट्रोल बदलायच्या आधी हेड काढून बघा. पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये वर्षानुवर्षांचा कार्बन साचलेला असतो. तो जागा खातो म्हणून कॉम्प्रेशन वाढतं, आणि त्याचे उंचवटे लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. ठिणगीचं टायमिंग पुढे सरकलेलं असलं तरी तेच होतं. एकदा एका गाडीचा मालक दोन वर्षं महागडं पेट्रोल घालत होता. हेड खरवडून टायमिंग दोन अंश मागे घेतल्यावर ती साध्या पेट्रोलवर गप्प चालायला लागली.

जाता जाता: टाकीत डांबरगोळ्या टाकायची एक जुनी युक्ती अजून लोक सांगतात. नॅप्थलीनचं ऑक्टेन जास्त असतं हे खरं, पण पेट्रोल उडून गेलं की ते पुन्हा स्फटिक होऊन जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) बसतं. पिनने जेट साफ करण्यात ज्याला आनंद वाटतो त्याने खुशाल टाकाव्यात. विमानाचं शिसंयुक्त पेट्रोल आणून घालणारेही भेटतात. ते रस्त्यावरच्या वापरासाठी नाहीच, आणि थंडीत किक मारून मारून पाय दुखेल ते वेगळंच, कारण चटकन उडणारे हलके अंश त्यात कमी असतात.

आता शिसं. १९२१च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडने नॉकिंग थांबतं असं आढळलं आणि १९२३ पासून ते पंपावर आलं. म्हणजे ते घातलं गेलं मुळात ऑक्टेनसाठी. व्हॉल्व्हचा फायदा हा वरकड नफा होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि सीटवर (बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेवर) आपटतो, तेव्हा दोन्ही धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि उघडताना ओरबाडले जातात. शिशाच्या क्षारांचा पातळ थर मध्ये राहून हे चिकटणं टाळायचा. शिसं गेलं की सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो. प्रकार खरा आहे. पण तो घडायला सतत जास्त आरपीएम आणि सतत जास्त भार लागतो. तासन्‌तास ताणून चालवलेल्या गाडीत ते दिसतं. रविवारी फेरफटका मारणाऱ्या, ताशी पन्नास-साठने रमतगमत जाणाऱ्या सिंगल सिलिंडरमध्ये मी अजून तरी शिशाअभावी गेलेली सीट पाहिलेली नाही. जळलेले व्हॉल्व्ह भरपूर पाहिलेत, पण त्यांचं कारण टॅपेट घट्ट ठेवणं (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातली फट कमी ठेवणं) किंवा गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालवणं हेच निघालं.

ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळी बसवावीच लागते, कारण ॲल्युमिनियम मऊ. ती सीट बऱ्याचदा चांगल्या कठीण धातूची असते. चिंता करायचीच तर बिडाच्या हेडची, जिथे सीट थेट हेडच्या धातूतच कापलेली असते. तिथेही ॲडिटिव्हची बाटली आणायच्या आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणा. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. दर हजार किलोमीटरला, इंजिन पूर्ण थंड असताना, गॅप मोजून वहीत लिहा. दोन-तीन नोंदींमध्ये एक्झॉस्टचा गॅप तेवढाच राहिला तर विषय संपला. प्रत्येक वेळी तो कमी भरत असेल आणि इन्टेकचा जसाच्या तसा असेल, तर सीट खरंच झिजतेय. तेव्हा ॲडिटिव्ह घाला आणि पुढच्या वेळी इंजिन उघडलं की कठीण सीट बसवून घ्या. एकदा केलं की पुन्हा बघायला नको. पोटॅशियमचं, मँगनीजचं, फॉस्फरसचं अशी ॲडिटिव्हं वेगवेगळी असतात. एक निवडलं की तेच ठेवा, एकात दुसरं मिसळू नका.

भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जगात शेवटी अल्जेरियात २०२१ मध्ये. तुमच्या वडिलांनी त्यानंतर किती वर्षं गाडी चालवली असेल, मोजून बघा. तेवढ्या वर्षांची परीक्षा तिने आधीच दिलेली आहे.

आता इथेनॉल, आणि इथे जरा बसून बोलू. ब्रिटनमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. भारतात ई-२० म्हणजे २० टक्क्यांचं पेट्रोल २०२३ पासून विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. ब्राझीलमध्ये त्याहूनही जास्त असतं. म्हणजे ही गोष्ट टाळता येईल अशी राहिलेली नाही. इथेनॉल तीन वेगवेगळ्या प्रकारे त्रास देतं आणि लोक ते तिन्ही एकत्र कालवतात.

पहिला त्रास रबराचा. गेल्याच पावसाळ्यात एक जुनी गाडी आली, तक्रार "बंद पडते, थांबून पुन्हा चालू होते". कॉक उघडला तर पेट्रोल थेंबथेंब. नळी काढायला गेलो तर ती कॉकच्या तोटीवरून निघेचना. निघाली तेव्हा टोकाशी फुगून मऊ पडली होती, आणि कापून पाहिली तर आतली भिंत सुटून जीभ लोंबावी तशी मध्ये आली होती. पेट्रोलचा जोर आला की ती जीभ वाट बंद करायची, थांबलं की पुन्हा उघडायची. फ्लोटचा डबा उघडला तर तळाला पांढरी भुकटी आणि कोपऱ्यात हिरवट जेली. भुकटी जस्त मिश्रधातूच्या कार्ब्युरेटरच्या गंजाची, जेली पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेली. इंजिन ठणठणीत होतं. मालकाने मात्र इंजिन उघडायची तयारी करून ठेवली होती.

म्हणून तुमच्या गाडीत पहिलं पेट्रोल घालायच्या आधीच ही कामं करा. पेट्रोलची नळी बदला, आणि बदलताना इथेनॉलला टिकणारी, म्हणजे आतून व्हिटॉनसारख्या फ्लोरो-रबराचं अस्तर असलेली घ्या. नळीवर 'एसएई ३०आर९' छापलेलं असेल तर ती चालते. नुसती पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला छान, पण काही महिन्यांत कडक होते आणि तोटीवरून सुटते. खाली गरम इंजिन आहे हे विसरू नका. कार्ब्युरेटरच्या सुईला रबरी टोक असेल तर सुई नवी बसवा. कॉकमध्ये बुचाच्या, म्हणजे कॉर्कच्या, चकत्या असतील, फार जुन्या गाड्यांत असतात, तर त्या बदला. फ्लोटच बुचाचा असेल आणि त्यावर लाखेचा मुलामा असेल, तर इथेनॉल तो विरघळवतं, म्हणून पितळी किंवा प्लास्टिकचा फ्लोट शोधा. फायबरच्या टाकीत इथेनॉल घालूच नका. पॉलिएस्टर रेझिन मऊ पडून सगळी घाण कार्ब्युरेटरमध्ये येते. टाकीला आतून जुनं कोटिंग असेल तर टॉर्च मारून बघा, पापुद्रे सुटलेले दिसले तर आधी ते पूर्ण काढा. शेवटी, कॉकच्या पुढे नळीत एक छोटा फिल्टर लावा. इथेनॉल जुनी साचलेली राळ सुटी करतं, पहिल्या दोन-तीन टाक्यांमध्ये ती सगळी खाली येते. फिल्टर तेव्हा दोनदा बदलावा लागला तर घाबरू नका.

दुसरा त्रास मिश्रणाचा. हा दिसत नाही, आणि मला विचाराल तर हाच जास्त धोक्याचा. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनाने एकास सुमारे १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. तुमचा कार्ब्युरेटर ओळखत नाही. त्याचं जेट जेवढं भोक आहे तेवढंच पेट्रोल देणार. परिणामी ई-१० वर मिश्रण साधारण साडेतीन टक्के आणि ई-२० वर सात-आठ टक्के पातळ होतं. आपण त्याला लीन म्हणतो. सकाळी चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल सोडताना सायलेन्सरमध्ये फटफट होतं, अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळते, आणि लांब चढावर हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं. इथेनॉलने इंजिन जळालं असं जे ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा खरा गुन्हेगार हाच असतो.

उपाय साधा आहे. मेन जेटचा नंबर बहुधा भोकाच्या व्यासाचा असतो आणि पेट्रोल क्षेत्रफळावर वाहतं, म्हणून ११० चं ११२.५ केलं की साडेचार टक्के वाढ होते, ११५ केलं की नऊ टक्के. ई-२० साठी एक-दोन नंबर वर जा. काही कंपन्या नंबर प्रवाहावरून देतात, तेव्हा आपल्या कार्ब्युरेटरचं कोष्टक बघा. मधल्या थ्रॉटलसाठी नीडलची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या लांब सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येते. आयडलसाठी एअर स्क्रू अर्धा फेरा आत. तरी पुरलं नाही तर पायलट जेट (आयडलचं छोटं जेट) एक नंबर मोठा. एका वेळी एकच बदल करा. तिन्ही एकदम बदलून "आता बरी चालते" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बिघडल्यावर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. बऱ्याच जुन्या गाड्या कारखान्यातूनच थोड्या रिच (लीनच्या उलट, पेट्रोल जास्त) सेट केलेल्या असतात. अशा गाडीला ई-१० वर काहीच करावं लागत नाही, ई-२० वर क्लिपची एक खाच पुरते.

इथे प्लगबद्दल एक सांगून ठेवतो, कारण नव्याने शिकणारे हमखास फसतात. "प्लग कॉफीच्या रंगाचा हवा" हे सूत्र शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. तो रंग बराचसा शिशाच्या आणि तेव्हाच्या मिश्रणांच्या थराचा होता. आजच्या पेट्रोलवर नीट सेट केलेल्या गाडीचा प्लगही पांढुरका दिसतो. कॉफीचा रंग येईपर्यंत जेट मोठे करत गेलात तर गाडी काळा धूर सोडेल. चिनी मातीच्या अगदी मुळाशी, आत खोलवर, एक करडी-काळपट रिंग असते ती भिंगाने बघा. ती आहे आणि चिनी मातीवर चकाकणारे बारीक मणी किंवा फोड नाहीत, तर मिश्रण ठीक आहे.

हा धडा मला पैसे मोजून मिळालाय. बरीच वर्षं झाली, एका ओळखीच्याची टू-स्ट्रोक नीट करून दिली. नवा पिस्टन, नवे रिंग, सगळं मापात. जेट मात्र जुन्या मापाचेच ठेवले, कारण "कंपनीचे आहेत, त्यांना हात कशाला लावायचा". तिसऱ्या दिवशी लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला मागचं चाक घासत थांबलं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला पुसल्यासारखा खरचटला होता. चूक संपूर्ण माझी होती. पेट्रोल बदललेलं होतं आणि मी मिश्रण तपासलं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नसतात, म्हणून शिशाची चिंता शून्य. पण लीन झाल्याची शिक्षा फोर-स्ट्रोकपेक्षा फार लवकर मिळते, आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालायची गाडी असेल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तुमची फोर-स्ट्रोक आहे, पण तुमच्या मित्राच्या गाडीचा उल्लेख होता म्हणून सांगितलं. त्याला आधी मेन जेट बघायला सांगा.

तिसरा त्रास पाण्याचा, आणि इथे गाडी किती चालते यावर सगळं ठरतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी ते विरघळवून ठेवतं आणि ते जळूनही जातं. ई-१० मध्ये लिटरला साधारण पाच मिलीलिटरपर्यंत पाणी असं मावतं. त्याच्या पुढे गेलं किंवा थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीचा तळ म्हणजे कॉकचं तोंड. त्यामुळे किक मारल्यावर पहिल्यांदा हेच मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये जातं, आणि जोवर गाडी उभी असते तोवर ते टाकीचा पत्रा आतून कुरतडत राहतं. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही इथेनॉल गेल्यामुळे उतरतं. आठवड्याला एक टाकी जाळणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. अर्धी टाकी भरून पावसाळाभर उभी करणाऱ्याला मात्र सगळं एकदम भोगावं लागतं.

तेव्हा गाडी महिन्याभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत ओली हवा राहायला जागा नाही, किंवा पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा. अर्धवट नको. दोन्ही वेळा कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे फ्लोटचा डबा रिकामा होतो. ड्रेन स्क्रू असेल तर उरलेलं पेट्रोलही सोडून द्या. एवढ्या एका सवयीने मी बघितलेल्यातले अर्धे कार्ब्युरेटर वाचले असते. स्टॅबिलायझर वापरायचा तर ताज्या पेट्रोलमध्ये, गाडी उभी करताना. शिळं झालेलं पेट्रोल तो ताजं करत नाही.

पंपावरच्या पाटीवर विश्वास नसेल तर इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येतं. मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत किंवा विडी-सिगारेट नसताना, काचेच्या मापाच्या नळीत १० मिली पाणी आणि त्यावर ९० मिली पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. तो २८च्या जवळ आला तर २० टक्के, १९च्या जवळ असेल तर १० टक्के, दहालाच राहिला तर इथेनॉल नाही. मी प्रीमियम नावाचं पेट्रोलही असं मोजून बघतो. प्रीमियम म्हणजे जास्त ऑक्टेन किंवा सफाईची रसायनं. इथेनॉल नाही असा त्याचा अर्थ आपोआप होत नाही. आणि हो, याच पद्धतीने बादलीभर पेट्रोल "धुऊन" इथेनॉल काढायचा व्हिडिओ कुणी पाठवला तर करू नका. ऑक्टेन उतरतं, पेट्रोलमध्ये पाणी राहतं, आणि आग लागायची जोखीम वेगळीच.

ॲव्हरेजचं राहिलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून ई-१० वर तीन-साडेतीन टक्के आणि ई-२० वर सहा-सात टक्के घट हिशोबानेच येते. पन्नास देणारी गाडी शेहेचाळीस-सत्तेचाळीस देईल. तीस द्यायला लागली तर दोष पेट्रोलचा नाही. ब्रेक घासतोय का, चोक पूर्ण उघडतोय का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, ते बघा.

मग तुमच्यासाठी माझं मत. कॉम्प्रेशन मूळचंच असेल तर साधं ९१ किंवा ९५ ऑक्टेनचं पेट्रोल पुरे. शंभरवर पैसे घालू नका. शिशाचं ॲडिटिव्ह आज नको, टॅपेटची वही सुरू करा. कमी इथेनॉलचं पेट्रोल जवळ आणि नियमित मिळत असेल तर कधीतरी चालवणाऱ्या गाडीसाठी ते घ्या, मीही घेतो. पण त्यासाठी गावभर फिरायची गरज नाही. नळी, सुई, कॉक आणि जेट नीट केले तर ई-२० वर तुमची गाडी चालेल.

आणि टाकीतल्या सहा वर्षं जुन्या पेट्रोलचं. त्यात नवीन मिसळून "संपवून टाकू" असा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडा. झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा तीक्ष्ण वास न येता जुन्या व्हार्निशचा, आंबूस असा वास येईल. हलके अंश कधीच उडून गेलेत, उरलंय ते राळेसारखं. कॉक काढून सगळं काचेच्या बरणीत उतरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वेगळा थर दिसला तर पाणी, लालसर चुरा दिसला तर टाकीचा गंज. गंज थोडा असेल तर टाकी धुऊन, वाळवून काम भागेल. बोटाने पापुद्रे निघत असतील तर पेट्रोलच्या आधी टाकीवाल्याकडे जा. बरणीचा फोटो आणि कार्ब्युरेटरवर ठोकलेला नंबर पाठवलात तर कोणत्या जेटपासून सुरुवात करायची ते सांगतो.